बोगद्यांतून सायकलफेरी

प्रश्न : आम्ही नवरा-बायको साठीचे. दक्षिण स्पेनमध्ये एक दिवस सायकलवर निवांत भटकायचं आहे. फार चढ नको. कुठे जावं?

उत्तर : ‘व्हिया वेर्दे दे ला सिएरा’ या सायकलवाटेवर जा. पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा, सुमारे ३६ किलोमीटर. १९२०च्या दशकात इथे रेल्वेमार्गाचं काम निघालं, पण गाडी कधी धावलीच नाही. मागे राहिले ३० बोगदे आणि दरीवरचे पूल. आगगाडीसाठी आखलेला रस्ता, त्यामुळे चढ बेताचा. पण ओल्वेरा उंचावर, म्हणून तो संपता संपत नाही. जाऊन-येऊन करणार असाल तर सुरुवात पुएर्तो सेर्रानोहून करा, परतताना उतार मिळेल. कोरिपेच्या जुन्या स्टेशनवरून मागे फिरलं तरी चालेल, मात्र पुढच्या साफ्रामागोन कड्यावरची गिधाडं हुकतील. आमचं विचाराल तर परतीच्या गाडीची सोय आधी करा आणि ओल्वेराहून एकेरीच उतरा. तिथला मूरकालीन किल्ला निघण्याआधी बघून होतो.

खरी गडबड बोगद्यांत होते. सर्वांत लांब बोगदा जवळपास एक किलोमीटरचा आहे. रणरणत्या उन्हातून आत शिरलं की काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही आणि नेमकं तेव्हाच समोरून कुणीतरी येतं. तोंडाशीच वेग कमी करा, गॉगल काढा, उजवी बाजू धरा. आतल्या दिव्यांवर विसंबू नका. पुढे पांढरा, मागे लाल दिवा हवाच. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे घ्या. गावाबाहेरच्या रस्त्यांवर हेल्मेट सक्तीचं आहे.