शेवटची अर्धी गोळी

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. माझ्या सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. आम्ही चिपळूणला राहतो. २२ जुलै २०२१च्या पुरात आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. पूर ओसरला, चिखल काढून झाला, पण आईंचं मन काही वर आलं नाही. जेवण तुटलं, झोप गेली, भजनाला जाणं बंद झालं. २०२२च्या जानेवारीत एसिटॅलोप्राम ही नैराश्यावरची गोळी, रोज एक, १० मिलिग्रॅमची, सुरू झाली आणि पुष्कळ फरक पडला. अजून तीच चालू होती. गेल्या आठवड्यात पुण्याच्या भाच्याने व्हॉट्सॲपवर पाठवलं, की मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी झाल्याने नैराश्य येतं ही थाप होती, तसं संशोधनातच निघालंय. आईंनी त्याच दिवशी गोळी बंद केली. तिसऱ्या दिवसापासून चक्कर, मळमळ, चित्रविचित्र स्वप्नं. मान वळवली की डोक्यात करंट बसतो म्हणतात. आधी चिडतात, मग रडतात. आज सहावा दिवस. ह्यांचं म्हणणं, "बघ, सवयच लागली होती." मला भीती वाटते, की जुनं दुखणंच उलटलं. इतकी वर्षं गोळ्या उगाच घेतल्या का? आणि पावसाळा तोंडावर आलाय.
– एक सूनबाई, चिपळूण

उत्तर : तुमची मेल वाचली त्याच रात्री चार ओळी कळवल्या होत्या, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखी गोष्ट नव्हती. ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना उद्याच भेटा, आणि 'जगून काय करायचं' असं काही आईंच्या तोंडून आलं तर एक दिवसही न दवडता १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरावर फोन करा, असं लिहिलं होतं. नंतर तुमचं उत्तर आलं. डॉक्टरांनी १० पुन्हा सुरू केली आणि तिसऱ्या दिवशी करंट थांबले.

तुमच्या भीतीचं उत्तर त्या तिसऱ्या दिवसातच आहे. जुनं दुखणं उलटतं तेव्हा ते सहसा हळूहळू, आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येतं, आणि गोळी परत सुरू केली तरी दोन-तीन दिवसांत जात नाही. शिवाय नैराश्यात डोक्यात करंट बसत नाही. आईंना झाला तो गोळी एकदम तोडल्याचा त्रास. याला व्यसन म्हणायचं नाही, हे यजमानांना सांगा. व्यसनात माणूस मात्रा वाढवत जातो, त्या वस्तूमागे धावतो. आईंनी इतक्या वर्षांत रोजच्या एका गोळीवर दुसरी गोळी मागितली का? शरीराला एका गोष्टीची सवय होणं वेगळं आणि तिची ओढ लागणं वेगळं.

असा त्रास किती जणांना होतो? २०२४मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त यावर अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षणं झाली. गंमत म्हणजे खोटी गोळी, म्हणजे तुलनेसाठी दिलेली औषध नसलेली गोळी, थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांना झाली. म्हणजे खऱ्या औषधाच्या माथी मारावा असा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला. फार तीव्र त्रास बऱ्याच कमी लोकांना.

आता भाच्याचा मेसेज. तो अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं निस्तरणं फार जड जातं. जुलै २०२२मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या जोॲना मॉन्क्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला सातत्याचा पुरावा सापडत नाही, असा त्याचा निष्कर्ष. पण गोळीचा उपयोग होतो की नाही, हा त्या आढाव्याचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न २०१८मध्ये 'लॅन्सेट'मधल्या दुसऱ्या अभ्यासाने घेतला होता. २१ औषधं, ५२२ चाचण्या, एक लाख सोळा हजारांवर रुग्ण. एकवीसही औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने माफक होता, हेही सांगायला हवं. म्हणजे कारणाची गोष्ट चुकली तरी गोळीचा उपयोग खोटा ठरत नाही. डोक्याला बाम चोळल्यावर ठणका थांबतो, म्हणून डोक्यात बाम कमी पडला होता असं कोणी म्हणत नाही.

यात आमचाही दोष आहे. मी स्वतः वर्षानुवर्षं रुग्णांना सांगत आले, "मधुमेहात इन्सुलिन कमी होतं ना, तसंच मेंदूत एक रसायन कमी झालंय." समोरची बाई 'मनाने कमकुवत' हे ऐकून ऐकून पिचलेली असायची. या एका वाक्याने तिची मान जरा वर व्हायची, आणि नवऱ्याचा आवाज खाली यायचा. म्हणून सांगत राहिले. आता सांगत नाही. भाच्यावर रागावू नका, ती गोष्ट आमच्याच ओपीडीतून त्याच्यापर्यंत पोचली होती.

गोळी कधीतरी थांबवता येईल का? येईल, पण खात्री देत नाही. इंग्लंडमधली २०२१ची एक चाचणी मला यासाठी नेहमी आठवते. ४७८ रुग्ण, अनेक महिने किंवा वर्षं गोळी घेणारे, बरे असलेले, थांबवायचा विचार करणारे. निम्म्यांची गोळी त्यांच्या नकळत कमी करून बंद केली. वर्षभरात त्यांतल्या ५६ टक्क्यांना नैराश्य परत आलं. गोळी चालू असलेल्यांतही ३९ टक्क्यांना आलंच. भीती वाटणारीला ५६ दिसतात, मला उरलेले ४४सुद्धा दिसतात.

थांबवायची रीत मात्र नीट समजून घ्या. चार चमचे साखरेच्या चहातला एक चमचा कमी केला तर पाहुण्याला कळतही नाही. अर्ध्या चमच्यावरून शून्यावर आलात की पहिल्या घोटालाच तोंड वाकडं होतं. ही औषधंही तशीच वागतात. आईंच्या गोळीची सख्खी बहीण सिटॅलोप्राम. तिची २० मिलिग्रॅमची मात्रा मेंदूतल्या सेरोटोनिन उचलणाऱ्या जागांपैकी सुमारे ८० टक्के अडवते. मात्रा निम्म्याखाली, ९ मिलिग्रॅमवर आणली तरी ७० टक्के जागा अडलेल्याच. ५० टक्क्यांवर यायला जेमतेम साडेतीन मिलिग्रॅम पुरते, आणि तिथून शून्यापर्यंत सगळी घसरण. मार्क होरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९मध्ये हा हिशेब मांडून म्हटलं, की शेवटाकडे पायऱ्या लहान लहान करत जा. होरोविट्झना स्वतःला ही औषधं सोडताना भारी त्रास झाला होता. आपल्याकडे दहाची पाच केली, दोन आठवडे थांबलो, मग बंद, असा शिरस्ता आहे. शेवटच्या त्या पाचातच खरा उतार असतो. एक दिवसाआड गोळी तर नकोच. त्यात मेंदूला रोज भरती-ओहोटी.

तेव्हा डॉक्टरांशी बोलून १० वरून साडेसात, मग पाच, मग अडीच, आणि त्याखाली आणखी लहान टप्पे कसे करायचे ते त्यांच्याकडून ठरवून घ्या. प्रत्येक टप्प्यावर महिना-दीड महिना. त्रास झाला तर एक पायरी मागे. त्यात कमीपणा नाही.

आणि हे पावसाळ्यात सुरू करू नका. संशोधनाचा हवाला मागू नका, हे माझं मत आहे. वाशिष्ठीचं पाणी वाढलं की ज्या बाईची झोप उडते, तिची गोळी जून-जुलैत कशाला कमी करायची? दिवाळीनंतर बघा.

तोवर भजन. हसू नका. गोव्यात दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली, २०१७ सालची. डॉक्टर नव्हे, शिकवून तयार केलेले साधे समुपदेशक, सहा ते आठ भेटी, आणि भर एकाच गोष्टीवर : सुटलेली कामं, सुटलेली माणसं थोडी थोडी परत धरायची. तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. मन लागल्यावर जाईन म्हणत बसायचं नाही. जायचं, मन मागून येतं.

तुमच्या मेलमध्ये आई भजनाला परत जाऊ लागल्या की नाही, ते राहून गेलंय. मंडळ कोणत्या वारी बसतं आणि त्यांच्यासोबत कोण जाऊ शकेल, तेवढं कळवा. गोळी दिवाळीनंतर कमी करायला घेतलीत तर पुढच्या जूनपर्यंत त्या अगदी कमी मात्रेवर आलेल्या असतील. तिथेच थांबा. जुलै उलटू द्या, मग पुढची पायरी.