यीस्टमधलं ट्रेहॅलोज पडद्याने गाळताना

प्रश्न: यीस्ट कोमट पाण्यात भिजवून हळूहळू तापवलं. अर्कात ट्रेहॅलोज (यीस्ट साठवून ठेवतं ती साखर) कमी आणि ग्लुकोजच जास्त, असं का?

कोमट पाण्यात पेशी जागी होते आणि तिच्यातलं ट्रेहॅलेज हे एन्झाइम साठवलेलं ट्रेहॅलोज फोडून ग्लुकोज करू लागतं. हे नुकसान पुढे कुठलाच पडदा भरून काढत नाही. म्हणून आधी एक लिटर पाणी ९५ अंशांवर न्या, मग १०० ग्रॅम सुकं यीस्ट चिमटीचिमटीने ढवळत टाका. गुठळी झाली की तिचा गाभा कोमटच राहतो आणि तिथे एन्झाइमचं काम चालू राहतं. २०–३० मिनिटं ठेवा. ट्रेहॅलोजला ही उष्णता सोसते.

प्रश्न: १० किलोडाल्टनच्या (रेणुभार साधारण १०,०००हून जास्त असलेले रेणू अडवणाऱ्या) पडद्यातून सुरुवातीला धार येते, अर्ध्या तासात थेंब. दाब वाढवू का?

नको. प्रथिनं, ग्लायकोजेन आणि मॅनन (साखरेच्या लांब साखळ्यांचे रेणू) यांचा थर पडद्यावर बसतो, आणि दाबाने तो आणखी घट्ट होतो. दाब २ बारच्या आसपास ठेवून पडद्यावरून वाहणाऱ्या द्रवाचा वेग वाढवा. मुळात चोथा सेंट्रिफ्यूजने काढून, निवळी ०.४५ मायक्रॉनमधून गाळूनच इथवर आणायची.

पडद्याने अडवून उरलेला गढूळ द्रव फेकू नका! त्यातही ट्रेहॅलोज गाळलेल्या पाण्याइतकंच दाट असतं. द्रवाची पातळी तीच राखत त्याच्या तिप्पट पाणी थोडंथोडं घालत गाळलं, तर त्यातलं सुमारे ९५ टक्के ट्रेहॅलोज हाती येतं.

पडदा पॉलिइथरसल्फोनचा असेल तर ०.५ टक्के कॉस्टिक सोड्याने धुवा. सेल्युलोज अॅसिटेटचा असेल तर कॉस्टिक लावूच नका, पडदा खराब होतो.

प्रश्न: पुढे नॅनोफिल्ट्रेशन (आणखी बारीक पडदा: पाणी जातं, ट्रेहॅलोज मागे राहतं) १५ बारवर चालवतो. एका मर्यादेपुढे द्रव दाटच होत नाही.

हा परासरण दाब, म्हणजे विरघळलेली साखर पाणी आपल्याकडे ओढून धरते तो जोर. लिटरला १०० ग्रॅम ट्रेहॅलोज झालं की तो सुमारे ७ बार होतो, २०० ग्रॅमला १५च्या पुढे जातो. म्हणजे पंपाचा सगळा जोर तिथेच खर्ची पडतो. १५० ग्रॅमच्या आसपास थांबा, पुढचं पाणी निर्वात बाष्पकात उडवा. या पडद्यातून मीठ बऱ्यापैकी निघून जातं. ग्लुकोज मात्र (रेणुभार १८०, ट्रेहॅलोजचा ३४२) अर्धवटच निघतं.

प्रश्न: डीएनएस चाचणीत (क्षपणक साखर असली की रंग बदलतो) रंगच आला नाही. साखर गेली का?

नाही. ट्रेहॅलोजमधली दोन ग्लुकोज आपापल्या क्षपणक टोकांनीच (चाचणीत रंग देणाऱ्या टोकांनी) जोडलेली असतात, म्हणून ते या चाचणीत दिसत नाही. नळीतला पिवळा द्रव तांबूस झाला, तर ते बहुधा ग्लुकोज. ट्रेहॅलोज मोजायला एचपीएलसीच (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) वापरा.