घोडा, घोडी आणि घोडं

प्रश्न असा आलाय की बंदुकीचा घोडा, तंबोऱ्याची घोडी आणि ‘घोडं अडलं’मधलं घोडं हा एकच शब्द आहे की तीन वेगळे शब्द योगायोगाने सारखे झालेत. शब्द एकच, संस्कृत घोटकवरून आलेला. पण मराठीने त्याची तिन्ही लिंगं वेगवेगळ्या कामाला लावलीत आणि मला यातली खरी गंमत तीच वाटते.

आधी घोडी घ्या. तंबोऱ्याच्या किंवा सतारीच्या भोपळ्यावर जी छोटी चपटी पट्टी बसवलेली असते, जिच्यावरून तारा जातात, ती घोडी. जवारी, म्हणजे तारेचा नाद गुंजत राहावा म्हणून घासून केलेली घडण, लावतात ती याच घोडीच्या पृष्ठभागावर, तो नीट घासला नसेल तर तंबोरा कितीही सुरात लावा, बोलत नाही. आता तिला घोडी का म्हणायचं, तर ती तारांचा भार पाठीवर घेऊन उभी असते म्हणून. हे फक्त आपल्यालाच सुचलंय असंही नाही, फारसीत वाद्याच्या घोडीला खरक म्हणतात म्हणजे छोटं गाढव, फ्रेंचमधे शव्हाले म्हणजे छोटा घोडा, आणि चित्रकार कॅनव्हास ठेवतात त्या ईझलचं नाव डच भाषेतल्या गाढवावरून आलंय. पाठीवर ओझं घेऊन चार पायांवर उभं राहणारं काहीही दिसलं की माणसाला आपली जनावरं आठवतात, सरळ आहे. आपल्याकडे माळ्यावरचा डबा काढायला जे उंच स्टूल आणतात त्यालाही कित्येक घरांत घोडाच म्हणतात.

बंदुकीचं जरा वेगळं आहे. घोडा म्हणजे मुळात मागे ओढून ठेवायचा आणि सुटला की आपटणारा भाग, आणि बोटाने ओढतात तो वेगळा, तो चाप. म्हणजे घोडा चढवायचा आणि चाप ओढायचा. हल्ली बातम्यांत सर्रास ‘घोडा दाबला’ लिहितात, तेही आता रूढ झालंय, पण दोन सुटसुटीत शब्द असताना एकावर भागवायचं हे मला काही पटत नाही. इंग्रजांनी त्याच भागाला कॉक म्हणजे कोंबडा म्हटलं, त्यांचा प्राणी वेगळा एवढंच. मुंबईच्या टपोरी बोलीत तर अख्खं पिस्तूलच घोडा झालंय. बुद्धिबळातला अडीच घरं चालणारा घोडा सगळ्यांना माहीत आहे, तिथे अर्थ बदललेला नाही, चतुरंग सैन्यातलं घोडदळच ते.

आता घोडं. वस्तूंना घोडा किंवा घोडी म्हणतो पण म्हणी आणि वाक्प्रचारात शिरलो की बहुतेक वेळा नपुंसकलिंग येतं बघा. घोडं कुठे पेंड खातंय, घोडं अडलं, एकदाचं घोडं गंगेत न्हालं, वरातीमागून घोडं, आपलंच घोडं पुढे दामटणं. यातल्या बऱ्याच ठिकाणी घोडं काढून ‘काम’ किंवा ‘प्रकरण’ घातलं तरी अर्थ जवळपास तोच राहतो. म्हणजे घोडं हे त्या जनावराचं नाव न राहता पुढे न्यायच्या कुठल्याही गोष्टीचं नाव झालंय. ‘मी तुझं काय घोडं मारलंय’ मधे मात्र हे चालत नाही, तिथे घोडं म्हणजे नुकसान. ‘कागदी घोडे नाचवणे’ हाही अपवाद, ते पुल्लिंगीच आणि तेही अनेकवचनात.

घोडचूक, घोडनवरा, घोडनवरी यातलं घोड म्हणजे नुसतं ‘मोठं’, प्रमाणाबाहेरचं.

आणि घोडेबाजार. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत भरतो तो खरा घोड्यांचा बाजार, आजही लोक लांबून घोडे घेऊन येतात. आमदारांचा घोडेबाजार हा मात्र इंग्रजी हॉर्स ट्रेडिंगचं भाषांतर म्हणून आलेला अर्थ, जुन्या मराठी वाक्प्रचारांच्या रांगेत तो बसवू नये.