बल आणि गतीची गणितं सोडवताना कोणतं सूत्र लावायचं हे कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की अकरावीची बल आणि गतीची गणितं वाचली की सूत्रच सुचत नाही, आणि रोज किती गणितं सोडवावीत. पहिल्याचं उत्तर ठाम देते: सूत्र शोधूच नका, आकृती काढा. सूत्रं शोधण्यात माझं अकरावीचं अख्खं वर्ष गेलं.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात. बल, त्वरण, घर्षण अंगवळणी पडलेलं, आणि अकरावीला एकदम फोर्स, अ‍ॅक्सिलरेशन, फ्रिक्शन. वर्गात हात वर करायची हिंमत होत नसे. क्लासमध्ये सरांनी एक गणित घातलं: टेबलावर 10 किलोचा ठोकळा स्थिर आहे, घर्षण गुणांक 0.5, आडवं बल 20 न्यूटन, त्वरण काढा. जी, म्हणजे गुरुत्वत्वरण, 10 धरायचा. सरांनी घर्षण म्यू-एन (घर्षण गुणांक गुणिले लंब प्रतिक्रिया, म्हणजे टेबल ठोकळ्याला वर रेटतं ते बल) म्हणजे 50 काढलं, 20 मधून 50 वजा केले, 10 ने भागलं आणि लिहिलं, उणे 3. "मायनस म्हणजे रिटार्डेशन," म्हणाले आणि पुढच्या गणिताला लागले. सगळ्या वर्गाने उतरवून घेतलं. मीही.

संध्याकाळी मी तेच मोठ्याने घोकत होते. आई मागची बाजू झाडायला ज्वारीची पत्र्याची कोठी सरकवत होती आणि कोठी जागची हलत नव्हती. काय घोकतेस म्हणाली, म्हणून मी सांगितलं. ती थांबली. "म्हंजे मी ढकलल्यावर कोठी माझ्याच अंगावर येनार व्हय गं?"

मी उठून कोठीला हात लावला. एका बोटाने दाबलं, हलली नाही. दोन्ही हातांनी रेटलं, तरी नाही. म्हणजे दर वेळी घर्षण माझ्या जोराइतकंच होतं, ना कमी ना जास्त. म्यू-एन ही त्याची कमाल मर्यादा आहे, नेहमीची किंमत नाही. ठोकळ्याला 20 ने ढकललं तर घर्षण 20 आणि त्वरण शून्य. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं, तर "असा विचार करत बसलीस तर सीईटीचा पेपर पुरा होणार नाही" एवढंच ऐकायला मिळालं. थोरला भाऊ आजही हेच म्हणतो.

त्याचा हिशोब असा की फिजिक्स-केमिस्ट्रीचे 100 प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एकाला 54 सेकंद, आकृती कधी काढणार? अरे, एक ठिपका आणि तीन-चार बाण काढायला कितीसा वेळ लागतो? वस्तूला काय काय चिकटलंय ते बघायचं: दोरी, जमीन, हात. जे चिकटलंय त्याचा बाण, आणि एक बाण वजनाचा. बस. एम-ए, म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण, हे वेगळं बल नाही, त्याचा बाण काढायचा नाही. आणि लंब प्रतिक्रिया म्हणजे एम-जी (वस्तूचं वजन) असं डोळे झाकून लिहायचं नाही. 10 किलोची पेटी 40 न्यूटनने 30 अंश वर तिरकी ओढली तर जमिनीची प्रतिक्रिया 80 च राहते, कारण 20 दोरीने उचललेत.

मागच्या महिन्यात भावाची मुलगी लिफ्टचं गणित घेऊन आली. 50 किलोचा माणूस वजनकाट्यावर उभा, लिफ्ट वर जातेय, त्वरण 2. दादाने तिला "वर जाताना अधिक, खाली येताना वजा" असं पाठ करून दिलेलं, त्याने 600 बरोबर आलं. मी विचारलं, लिफ्ट वर जातेय पण मजला आला म्हणून 2 नेच मंदावतेय, आता काटा किती दाखवेल? दादाचं उत्तर 600. पोरीने दोन बाण काढले, त्वरण खाली दाखवलं आणि 400 लिहिलं. दादा, हे वाचत असशील तर तो कागद मी जपून ठेवलाय.

एक सांगायचं राहिलं. घर्षणाचे दोन गुणांक दिले असतील तर आधी स्थितिक (वस्तू थांबलेली असतानाचा) लावून वस्तू हलते का ते तपासा, हलली तरच गतिक (सरकत असतानाचा). आणि चेंडू वर फेकला, गाडीला ब्रेक लावला अशा गणितांत बाणांपेक्षा काय दिलंय याची यादी कामाला येते: आधीचा वेग, नंतरचा वेग, त्वरण, अंतर, वेळ. तिथे गतीची तीन समीकरणं तोंडपाठच हवीत, एवढं दादाचं मान्य.

रोज किती? तीन पुरेत, त्यातलं एक काल चुकलेलं असू द्या.