पाऊस घाटात, पूर पंढरपुरात: भीमाकाठच्या शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न (पंढरपूर तालुका): साहेब, आमच्याकडे पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नाही. उजनी अजून भरायची आहे, खाली पाणी सोडलेलं नाही. तरी नदी दुथडी भरून वाहतेय आणि काठावरच्या मोटारी बुडाल्या. हे पाणी आलं कुठून?

नीरेतून. दर दोन-तीन वर्षांनी हाच प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण नदीकडे उजनीपासून खाली बघतो, पण भीमेचं पाणी जमतं ते सह्याद्रीत. भीमाशंकरला उगम, मग भामा, इंद्रायणी, मुळा-मुठा, कुकडीला पोटात घेऊन येणारी घोड, या सगळ्या उजनीच्या वर मिळतात. यांपैकी जवळपास प्रत्येकीवर धरण आहे: चासकमान, भामा आसखेड, पवना, पानशेत, वरसगाव, खडकवासला, डिंभे, माणिकडोह. ती आधी भरतात, मग त्यांचा विसर्ग दौंडवरून उजनीत येतो. म्हणून पुण्यात पाऊस झोडपत असतानाही उजनी आठ-दहा दिवस ढिम्म असते. (मुळशीचं बरंचसं पाणी तर आपल्याकडे येतच नाही, वीज तयार करायला ते कोकणात उतरवलं जातं.)

नीरेची गोष्ट वेगळी. ती भोरच्या डोंगरातून येते, तिच्या खोऱ्यात भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी आणि शेवटी वीर ही धरणं. ही नदी भीमेला मिळते नीरा-नरसिंहपूरला, म्हणजे उजनीच्या खाली. वीरचे दरवाजे उघडले की ते पाणी उजनीला न विचारता थेट चंद्रभागेत येतं. उजनी तेव्हा उणेत, म्हणजे वापरायचं पाणी संपलेली असली तरी पंढरपूरची वाळवंटं पाण्याखाली जाऊ शकतात. आणि उजनी भरलेली असताना दोन्हीकडून एकदम पाणी सुटलं, तर काय होतं ते तुम्ही पाहिलेलं आहे.

तेव्हा काठावर मोटार असेल तर रोज दोन आकडे बघायचे: वीरचा विसर्ग आणि उजनीचा विसर्ग. दोघांची बेरीज करा. साडेअकरा हजार क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी चोवीस तास वाहिलं की साधारण एक टीएमसी (अब्ज घनफूट) होतं, हे लक्षात ठेवलं की आकड्याचं वजन कळतं. आभाळाकडे बघून मोटार काढायची वेळ ठरवू नका, आभाळ इथलं आणि पाणी भोरचं. स्टार्टर आणि पेटी कायमची उंचावर घ्या. मोटार बुडालीच असेल, तर उघडून वाळवून घेतल्याशिवाय वीज देऊ नका.

प्रश्न (माढा तालुका): 2024 च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं आणि माझा दोन एकर ऊस वाळला. यंदा धरण भरणार म्हणतात. जानेवारीत सुरू उसाची लागण करू का? आणि हे ‘उणे’ म्हणजे नक्की काय?

उजनीची एकूण साठवण सुमारे 117 टीएमसी. त्यातली उपयुक्त फक्त साडेत्रेपन्न, आणि मृतसाठा जवळजवळ चौसष्ट. वापरायच्या पाण्यापेक्षा तळाचं पाणी जास्त, असं हे धरण आहे. टक्केवारी मोजतात ती साडेत्रेपन्नावर. शून्य झालं म्हणजे धरण कोरडं पडलं असं नाही, उपयुक्त पाणी संपलं. उणे पन्नास म्हणजे मृतसाठ्यातलंही पावणेसत्तावीस टीएमसी उपसलं गेलं. पण त्या पाण्यावर पहिला हक्क पिण्याचा. सोलापूर शहर आहे, नदीकाठची गावं आहेत. शेतीसाठी पाळी मिळेल, हे धरून चालू नका.

आता तुमच्या लागणीचं. जानेवारीत लावलेला ऊस पाणी मागतो ते एप्रिल-मे मध्ये, म्हणजे धरण तळाला जातं नेमकं तेव्हा. म्हणून ‘धरण भरलं’ ही ऑगस्टमधली बातमी ऐकून बेणं ठरवू नका. 15 ऑक्टोबरचा साठा बघा, आणि कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत उन्हाळी आवर्तनं किती ठरली ते बघा. उन्हाळ्यात दोन पाळ्या नक्की असतील आणि विहिरीला मेपर्यंत पाणी टिकत असेल तर ठिबकवर एक एकर लावा, दोन नको. मोकळ्या सरीने पाणी देणार असाल तर माझं उत्तर नाही असंच आहे. उरलेल्या रानात सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ज्वारी पेरा. भारी जमिनीत फुले वसुधा किंवा फुले रेवती, मध्यम जमिनीत मालदांडी किंवा फुले सुचित्रा. कडब्याचा भाव बघता हा तोट्याचा सौदा नाही.

खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) असेल तर पाचट जाळू नका, सरीत पसरा. ताण पडलाच तर एक आड एक सरी भिजवा आणि 2 टक्के पोटॅश व 2 टक्के युरिया (दहा लिटर पाण्यात प्रत्येकी दोनशे ग्रॅम) एकत्र फवारा. याने ऊस तगतो. टनेज मिळेल असं मी सांगणार नाही.

प्रश्न (मोहोळ तालुका, सीनाकाठ): आम्ही उजनीचा विसर्ग बघत बसलो आणि 2025 च्या सप्टेंबरात सीनेने रान खरवडून नेलं.

कारण सीनेच्या पुराचा उजनीच्या विसर्गाशी संबंध नाही. ती अहिल्यानगरकडून येते, भूम-परांड्याकडचं पाणी तिला मिळतं, आणि ती भीमेला गाठते थेट दक्षिण सोलापुरात, हत्तरसंग कुडलला. (शके 940 चा मराठी शिलालेख आहे ते गाव. संगमावर गेलात तर बघून या.) भीमेचा पूर बहुधा जुलै-ऑगस्टमधला, घाटातला. सीनेचा पूर परतीच्या दिवसांतला, एरवी कोरड्या असणाऱ्या मुलखातला. तुम्ही सीना-कोळेगावचा विसर्ग बघायला हवा, आणि तिकडे मोठा पाऊस झाला की लगेच सावध व्हायला हवं.

रानात गाळ बसला असेल तर वाफसा (मशागतीजोगा ओलावा) येईपर्यंत ट्रॅक्टर घालू नका, काळी जमीन दाबली गेली की दोन वर्षं सुधारत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. वाळूचा थर असेल तर तो उचला. बारीक गाळ वीतभरापेक्षा कमी असेल तर नांगरटीत मिसळू द्या. मग माती तपासून घ्या. खरवडून गेलेल्या रानात पहिल्या वर्षी ऊस नको, ताग किंवा धैंचा हे हिरवळीचं खत करून गाडा.

प्रश्न (करमाळा, उजनीच्या फुगवट्याकाठ, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याच्या काठी): पाणी मागे सरकेल तशी पाइप वाढवत न्यावी लागते, दरवर्षी खर्च.

यावर औषध नाही. फुगवट्याकाठची बाग मृतसाठ्याच्या भरवशावर उभी करू नका, शेततळं करा. डिसेंबर-जानेवारीत पाणी जवळ असतानाच ते भरून घ्या.