संघर्षग्रस्त वस्त्यांतील पायाभूत सर्वेक्षण : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

शांतता-निर्मिती आणि उपजीविका ही दोन उद्दिष्टे एकत्र घेऊन चालणाऱ्या प्रकल्पांत काम करणाऱ्या वाचकांचे काही प्रश्न आले आहेत. ते सगळे पायाभूत सर्वेक्षणाविषयी, म्हणजे प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी परिस्थितीची जी नोंद करून ठेवली जाते तिच्याविषयी आहेत. त्यांपैकी सहा प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : निधी देणाऱ्या संस्थेने निर्देशकांची, म्हणजे कोणत्या बाबी मोजायच्या त्यांची, यादी दिली आहे. तिच्या आधारे प्रश्नावली तयार केली, तर दीडशेहून अधिक प्रश्न झाले. कोणते प्रश्न गाळावेत?

प्रश्न गाळायला बसण्यापूर्वी एक काम करून घ्यावे. तुमच्या प्रकल्पामुळे शांतता नेमकी कोणत्या वाटेने वाढणार आहे, हे दोन-तीन वाक्यांत लिहून काढावे. ‘तरुणांना रोजगार मिळाला की ते सशस्त्र गटांकडे वळणार नाहीत’ असे विधान बहुतेक प्रस्तावांत असते. परंतु त्यात अनेक गृहीतके दडलेली असतात : तरुण पैशासाठीच त्या गटांत जातात, प्रशिक्षणाने त्यांना खरोखर काम मिळते, आणि मिळणारे काम आधीच्या मार्गापेक्षा अधिक लाभाचे व टिकाऊ असते. यांपैकी एकही गृहीतक आपोआप खरे ठरत नाही.

लायबेरियात माजी लढवय्यांना शेतीचे प्रशिक्षण आणि भांडवल देणाऱ्या कार्यक्रमाचा ख्रिस्तोफर ब्लॅटमन व जेनी अ‍ॅनन यांनी केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शेतीतील काम व नफा वाढल्याचे आणि बेकायदा कामांवरचे तास घटल्याचे दिसले. मात्र ज्यांना भांडवल अजून मिळाले नव्हते, पण पुढे रक्कम मिळण्याची खात्री होती, त्यांनी बेकायदा कामे आणि शेजारच्या युद्धातील भाडोत्री लढाई यांकडे सर्वाधिक पाठ फिरवली. भांडवलाविना नुसत्या प्रशिक्षणाचा परिणाम अल्प दिसला. यावरून पायाभूत सर्वेक्षणात काय विचारायचे हे ठरवता येते. ‘तुम्हाला काम आहे का?’ एवढ्यावर थांबू नये. गेल्या आठवड्यातले तास कोणकोणत्या कामांत गेले आणि येत्या वर्षात कोणत्या मिळकतीचा भरवसा वाटतो, हेही विचारावे.

आता तुमचे दीडशे प्रश्न प्रकल्पापासून शांततेपर्यंतच्या या गृहीतकांच्या साखळीच्या कड्यांवर एकेक करून ठेवून पाहा. जो प्रश्न कोणत्याही कडीवर बसत नाही तो निर्देशकांच्या यादीत असला तरी काढण्याविषयी निधी देणाऱ्यांशी बोलावे. माझ्या अनुभवात ते बहुतेकदा ऐकतात. बऱ्याच प्रश्नावल्यांत उत्पन्नाचा एक लांबलचक भाग असतो, विश्वासाचा दुसरा, आणि दोहोंना जोडणारे काहीच नसते. शेत कोणाकडून कसायला घेतले, उधारी कोणाकडून मिळते, माल बाजारात नेताना वाटेत कोणाला पैसे द्यावे लागतात, दुसऱ्या समुदायाचा व्यापारी तुमच्याकडून माल घेतो का, अशा दहा प्रश्नांत उपजीविका आणि संघर्ष जिथे एकमेकांत गुंतले आहेत ती जागा सापडते. मेरी अँडरसन यांनी रूढ केलेल्या ‘डू नो हार्म’ या विचारपद्धतीत समाजाला जोडणारे आणि तोडणारे घटक वेगवेगळे ओळखायला सांगितले आहे. तुमची मदत यांपैकी कोणत्या घटकाला बळ देईल, हे अशाच प्रश्नांतून कळते. एकूण मुलाखत पाऊण तासात आटोपेल अशी ठेवावी. त्यापुढे उत्तरे येत राहतात, पण ती लवकर मोकळे होण्यासाठी दिलेली असतात.

प्रश्न : सल्लागारांनी ३८४ कुटुंबांचा नमुना पुरेसा असल्याचे सांगितले आहे. तो खरोखर पुरेसा आहे का?

बहुधा नाही. विश्वासपातळी ९५ टक्के, चुकीची मर्यादा अधिक-उणे ५ टक्के आणि अपेक्षित प्रमाण ५० टक्के धरले की ३८४ हा आकडा येतो. तो एका वेळच्या एका प्रमाणाचा अंदाज घेण्यासाठी आहे आणि साध्या यादृच्छिक निवडीसाठी, म्हणजे सर्व कुटुंबांतून थेट चिठ्ठ्या टाकून केल्यासारख्या निवडीसाठी आहे. तुम्हाला मोजायचा आहे तो दोन वेळांमधला बदल, आणि तुमची निवड आधी गावे व मग त्यांतील कुटुंबे अशी होणार आहे.

समजा, दुसऱ्या समुदायाशी व्यवहार करणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ५० वरून ६० टक्क्यांवर जावे अशी अपेक्षा आहे. असा बदल घडला तर तो पकडला जाण्याची शक्यता ८० टक्के राहावी, यासाठी कामापूर्वीच्या आणि नंतरच्या अशा दोन्ही फेऱ्यांत प्रत्येकी सुमारे ३९० कुटुंबे साध्या निवडीने लागतील. परंतु एका गावातील माणसे एकमेकांसारखी उत्तरे देतात. प्रत्येक गावातून २० कुटुंबे घेतली आणि गावांतर्गत सारखेपणाचा गुणांक ०.०५ धरला, तर नमुना १ + १९ × ०.०५, म्हणजे १.९५ पटीने वाढवावा लागतो. म्हणजे प्रत्येक फेरीत साडेसातशेच्या वर कुटुंबे हवीत. विश्वास, भीती, सुरक्षितता या बाबी गावागणिक फार बदलतात, त्यामुळे हा गुणांक याहूनही मोठा निघू शकतो. हाती पैसा मर्यादित असेल तर प्रत्येक गावातील कुटुंबे कमी करून गावांची संख्या वाढवणे हाच उपाय आहे.

संख्येपेक्षाही कुटुंबे ज्या यादीतून निवडायची तिची मला चिंता अधिक वाटते. जुन्या जनगणनेच्या यादीत विस्थापित होऊन आलेले नसतात आणि सोडून गेलेले मात्र असतात. निवडलेल्या गावात आधी एक दिवस घरांची नव्याने मोजणी करावी, आणि तंबूत किंवा नातेवाइकांच्या आधाराने राहणारी कुटुंबे त्यात स्वतंत्रपणे नोंदवावी. एखादे गाव असुरक्षिततेमुळे वगळावे लागले, तर त्याच्या जागी सोयीचे गाव गुपचूप घालू नये. अहवालात ते गाव का वगळले हे स्पष्ट लिहावे, कारण संघर्षाची झळ बहुधा तिथेच सर्वाधिक असते.

प्रश्न : ‘दुसऱ्या समुदायावर तुमचा विश्वास आहे का?’ या प्रश्नाला प्राथमिक चाचणीत जवळजवळ सर्वांनी ‘होय’ म्हटले. गावात तर तणाव उघड दिसतो. हा निर्देशक मग मोजायचा कसा?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. मला एक मुलाखत आठवते. आजी अंगणात बसून शांतपणे उत्तरे देत होत्या, सगळ्यांशी चांगले संबंध आहेत असे सांगत होत्या. पण प्रत्येक उत्तरापूर्वी त्यांची नजर फाटकाशी उभ्या असलेल्या पुतण्याकडे जात होती. कागदावर त्या घराची नोंद ‘पूर्ण विश्वास’ अशी झाली. सर्वेक्षकाने ती नजर टिपून ठेवली होती म्हणून आम्हाला निदान त्या गावातील मुलाखतींची जागा बदलता आली. मुलाखत कोठे झाली, जवळपास कोण होते आणि उत्तर देणारी व्यक्ती अडखळली का, हे तीन रकाने सर्वेक्षकाने भरायचेच असतात. माझ्या मते ते प्रश्नावलीइतकेच मोलाचे आहेत.

मतापेक्षा वर्तन विचारावे. गेल्या महिनाभरात त्यांच्या वस्तीत गेलात का, त्यांच्या दुकानातून काही घेतले का, त्यांच्या घरच्या लग्नाला किंवा अंत्यविधीला गेलात का, मुलांना त्यांच्या मुलांबरोबर खेळू देता का. सलमा मूसा यांचा उत्तर इराकमधील अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, तो या दृष्टीने मुद्दाम पाहावा. इस्लामिक स्टेटमुळे विस्थापित झालेल्या ख्रिस्ती हौशी फुटबॉलपटूंना चिठ्ठ्यांच्या धर्तीवर निव्वळ ख्रिस्ती किंवा मुस्लिम खेळाडूंसह मिश्र संघांत घातले गेले. मिश्र संघांतील ख्रिस्ती खेळाडूंनी पुढच्या हंगामात मिश्र संघासाठी नाव नोंदवण्याची आणि सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करण्याची शक्यता अधिक होती. मुस्लिमबहुल मोसुलमधील उपाहारगृहात जाणे यासारख्या मैदानाबाहेरच्या वर्तनात मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. केवळ ‘विश्वास वाटतो का’ असे विचारले असते, तर मैदानावरचा आणि मैदानाबाहेरचा हा फरक कळलाच नसता. म्हणून वर्तनाचे प्रश्न निवडताना तुमच्या उपक्रमाच्या आतले काही आणि पूर्णपणे बाहेरचे काही, असे दोन्ही ठेवावेत.

सशस्त्र गटाला पाठिंबा यासारख्या धोकादायक विषयासाठी यादीची पद्धत वापरता येते. निम्म्या लोकांना चार निरुपद्रवी विधाने वाचून दाखवतात आणि त्यांपैकी किती पटतात, एवढा आकडाच सांगायला लावतात. उरलेल्या निम्म्यांना तीच चार आणि पाचवे संवेदनशील विधान देतात. पहिल्या गटाची सरासरी १.९ आणि दुसऱ्याची २.२ आली, तर फरकावरून पाचवे विधान सुमारे ३० टक्के लोकांना पटते असा अंदाज निघतो, आणि कोणी काय म्हटले हे कोणालाच कळत नाही. मात्र या पद्धतीत अंदाजाची अनिश्चितता बरीच वाढते. लहान नमुन्यावर ती वापरू नये, आणि गावागावांची तुलना करण्यासाठी तर मुळीच नाही.

आणखी एक मार्ग आहे, तो मला मनापासून आवडतो. रॉजर मॅक गिंटी आणि पामिना फिर्चो यांनी दैनंदिन शांततेचे निर्देशक लोकांकडूनच काढून घेण्याची पद्धत मांडली. ‘गावात शांतता आहे हे तुम्हाला कशावरून कळते?’ असे गटचर्चेत विचारावे. स्त्रियांच्या, तरुणांच्या आणि विस्थापितांच्या चर्चा वेगवेगळ्या घ्याव्यात. पाण्याला एकटीने कितीला जाता येते, रात्री दार उघडे ठेवून झोपता येते का, अशी उत्तरे येतात. त्यांतून निवडलेले पाच-सहा निर्देशक प्रश्नावलीत घातले, तर उत्तर देणाऱ्याला प्रश्न आपला वाटतो.

प्रश्न : हिंसाचाराच्या अनुभवाविषयी थेट विचारणे योग्य आहे का? आमच्या चमूत याबाबत मतभेद आहेत.

त्या माहितीवाचून प्रकल्पाचा कोणताही निर्णय अडत नसेल, तर विचारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जखम पुन्हा उघडण्याची किंमत खरी असते. सिएरा लिओनमध्ये गृहयुद्धानंतर २०० गावांत सलोख्याच्या सामुदायिक विधींचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पीडित आणि दोषी समोरासमोर आल्यावर क्षमाभाव वाढला, सामाजिक संबंध विस्तारले, लोक सार्वजनिक कामांना अधिक हातभार लावू लागले. परंतु त्याच गावांत नैराश्य, चिंता आणि आघातोत्तर ताणाची लक्षणेही वाढली. तिथे निदान समुदाय सोबत होता. सर्वेक्षक मात्र पाऊण तासाने उठून निघून जातो.

विचारणे अटळच असेल तर प्रश्न कुटुंबपातळीवर आणि साधे ठेवावेत : घर सोडावे लागले का, किती वेळा, जमीन किंवा जनावरे गमावली का. तपशील मागू नयेत. कोणी स्वतःहून बोलू लागले तर सर्वेक्षकाने टॅब बाजूला ठेवून ऐकावे. मानसिक आधार देणारी सेवा कोठे मिळते हे आधी पडताळून, तिची माहिती प्रत्येक सर्वेक्षकाकडे असावी. लैंगिक हिंसेचा प्रश्न घरोघरच्या सर्वेक्षणात घालू नये. त्यासाठी वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी रचना लागते.

प्रश्न : कुटुंबाचे उत्पन्न विचारले की आकडे अविश्वसनीय येतात. काय करावे?

उत्पन्न थेट विचारणे सोडून द्यावे. मदत मिळेल या आशेने ते कमी सांगितले जाते आणि खंडणीच्या भीतीनेही कमीच सांगितले जाते. त्याऐवजी गेल्या सात दिवसांत कोणते अन्नगट किती दिवस खाल्ले यावरून अन्नसेवन गुणांक काढावा. त्याची व्याप्ती ० ते ११२ असून सर्वसाधारणपणे २१ आणि ३५ या त्याच्या सीमारेषा मानतात : २१ पर्यंत अपुरे, ३५ पर्यंत काठावरचे आणि त्यापुढे स्वीकारार्ह अन्नसेवन. त्याच्या जोडीला तगून राहण्याचे उपाय विचारावेत : मोठ्यांनी मुलांसाठी आपले जेवण कमी केले का, बियाणे खाऊन टाकले का, कामाची जनावरे विकली का. विकलेल्या बैलावरून किंवा मोडलेल्या बियाण्यावरून पुढच्या वर्षाचे चित्र दिसते, ते रोख आकड्यावरून दिसत नाही. अंतिम सर्वेक्षण त्याच हंगामात करावे. टंचाईच्या महिन्यात पहिली फेरी आणि सुगीनंतर दुसरी घेतली, तर दिसणारी सुधारणा पिकाची असते.

प्रश्न : सर्वेक्षक स्थानिक असावेत की बाहेरचे? आणि गोळा केलेली माहिती सुरक्षित कशी ठेवावी?

स्थानिक माणसाला भाषा कळते, वाट माहीत असते आणि कोणत्या प्रश्नाने घरात भांडण होईल हेही तो जाणतो. पण तो कोणत्या बाजूचा आहे हेही सगळ्यांना ठाऊक असते. त्याच जिल्ह्यातील परंतु दुसऱ्या गावचे सर्वेक्षक, आणि चमूत दोन्ही समुदायांतील स्त्री-पुरुष, ही रचना मला सर्वांत उपयोगी वाटली आहे. कोणत्या सर्वेक्षकाने कोणाची मुलाखत घेतली हे नोंदवून ठेवावे, म्हणजे तो कोणत्या समुदायाचा आहे याचा उत्तरांवर किती प्रभाव पडला हे नंतर तपासता येते. उत्तर देणाऱ्याची सामुदायिक ओळख विचारण्याबाबतही सावध राहावे. नरसंहारानंतरच्या रवांडात ओळखपत्रांवरून वांशिक नोंद काढून टाकण्यात आली, आणि तिथे असा प्रश्न उघडपणे विचारणे अनुचित मानले जाते. बोलली जाणारी भाषा, मूळ गाव किंवा वस्ती यांवरून बहुतेक वेळा काम भागते.

संमती तोंडी घ्यावी, कारण सही केलेला कागद चुकीच्या हाती पडला तर तो पुरावा ठरतो. नाव आणि दूरध्वनी क्रमांक उत्तरांपासून वेगळ्या फाइलमध्ये ठेवावेत. घराचे जीपीएस स्थान नोंदवायचे टाळून गावापुरते स्थान पुरेसे मानावे. टॅबवर प्रश्नावली भरून घेण्याच्या कोबोटूलबॉक्स आणि ओडीके या दोन्ही साधनांत भरलेले अर्ज कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करण्याची सोय आहे, ती सुरुवातीलाच चालू करावी, आणि अर्ज सर्व्हरवर पोहोचताच उपकरणावरून काढून टाकावेत. एखाद्या नाक्यावर टॅब तपासायला मागितला गेला, तर सर्वेक्षकाने नकार देऊन जीव धोक्यात घालू नये. उपकरण देऊन टाकावे, हे प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी सांगावे आणि त्याची नुकसानभरपाई पगारातून कापली जाणार नाही असे लेखी द्यावे.

माहितीचे विश्लेषण झाल्यावर निष्कर्ष घेऊन गावांत परत जावे. ही बैठक दोन्ही समुदायांसाठी आधी वेगवेगळी घ्यावी आणि कोणत्याही गावाचा आकडा दुसऱ्या गावासमोर मांडू नये. ‘हे तुमच्या अनुभवाशी जुळते का?’ असे विचारून लोक ज्या आकड्याला हरकत घेतील तो त्यांच्या हरकतीसह अहवालात छापावा.