सायकल-कट्टा : छंदाची सायकल

मागच्या अंकात मी विचारलं होतं की तुमची रोजची साधी सायकल तुमच्या छंदासाठी कशी करून घ्यायचीय ते लिहा, तर पत्रांचा ढीग आलाय आणि त्यातली सहाच इथे घेता येतायत, बाकीच्यांनी रागावू नका. बहुतेकांचा प्रश्न एकच, ताई, सायकलला काय काय लावू? आणि माझा उलटा प्रश्नही सगळ्यांना एकच, त्या सायकलवरून तुम्ही नेता काय आणि जाता कुठे? वडिलांचं सायकलचं दुकान होतं, रॉकेलमध्ये छर्रे धुतच मी मोठी झाले, आणि तिथे एक गोष्ट पक्की कळली, दुकानातून सजून गेलेली सायकल सहा महिन्यांत निम्मं सामान काढायला परत यायची आणि दूधवाल्याची, पेपरवाल्याची, चणेवाल्याची सायकल मात्र त्यांनी स्वतः करून घेतलेली असायची, तिच्यातला एक नटसुद्धा उगाच नसायचा. म्हणून नवीन सायकल आधी महिनाभर आहे तशी चालवा. काय टोचतं, काय पडतं, कुठे हात पोचत नाही ते बघा, आणि मग दुकानात जा.

ताई, मी पुण्यात शिकतो. रविवारी पहाटे पाषाण तलावावर आणि थंडीत कवडीपाटला पक्षी बघायला सायकलने जातो. गिअर नाही, २६ इंची चाकं. कॅमेरा, मोठी लेन्स, दुर्बीण, ट्रायपॉड सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये असतं, घरी येईपर्यंत पाठ मोडून जाते. मागे कॅरिअर लावून सगळं त्यावर बांधू का?

कॅरिअर लाव, पण कॅमेरा त्यावर बांधू नकोस. रस्त्यातला प्रत्येक खड्डा मागच्या चाकातून सरळ कॅरिअरमध्ये येतो, मधे मऊ असं काहीच नसतं, आणि लेन्सच्या आतले बारीक स्क्रू अशा सततच्या थरथरीनेच ढिले होतात. तुझं अंग तेवढा धक्का खातं, म्हणून कॅमेरा एकटाच छोट्या स्लिंग बॅगेत अंगावर घे, दुर्बीण गळ्यात लोंबकळत ठेवण्याऐवजी पट्टा आखूड करून छातीशी आवळ, आणि बाकीचं ओझं, म्हणजे पाणी, डबा, पक्ष्यांचं पुस्तक, ट्रायपॉड, हे सायकलला वाहू दे.

ट्रायपॉड वरच्या नळीला बांध. त्यासाठी कुठलाही महागडा पट्टा नको, पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूबा पडलेल्या असतात, एक मागून आण आणि दोन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या काप. ताणून तीन वेढे घेऊन गाठ मारली की ते रबर असं धरतं की ट्रायपॉड हलत नाही, वाजत नाही आणि फ्रेमचा रंगही जात नाही. बांधून झाल्यावर दहा पायडल मारून बघ, गुडघा घासत असेल तर थोडा पुढे सरकव.

पण मला विचारशील तर पक्ष्यांसाठी सायकल तयार करायची म्हणजे आधी तिला गप्प करायची. कवडीपाटला एकदा चक्रवाकाची जोडी काठाच्या दगडावर बसली होती, इतकी जवळ की मानेचा फिकट रंग अंगाच्या नारिंगीत कुठे मिसळतो ते नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं, मी श्वास धरून सायकल उभी करत होते आणि माझ्या कॅरिअरची चाप खट्कन आपटली. दोन्ही उडाले. त्या दिवसापासून मी हे करते, तूही कर. सायकल चार बोटं उचल आणि सोड, काय काय वाजतं ते ऐक, आणि एकेका आवाजाच्या मागे लाग, चेनकव्हरचा स्क्रू, मडगार्डच्या तारेचा नट, कॅरिअरची चाप, घंटीचं झाकण, स्टँडची स्प्रिंग. जिथे लोखंडाला लोखंड लागतंय तिथे ट्यूबचा तुकडा घाल, बाकी नट नीट आवळ. ब्रेक किंचाळत असेल तर रिम कोरड्या फडक्याने पूस आणि ब्रेकच्या रबरावर पॉलिश पेपर हलकेच फिरव. फ्रीव्हीलची, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चक्राची, टिकटिक तेलाने कमी होते पण जात नाही, म्हणून शेवटचे शंभर मीटर उतरून चालत जा.

आणि स्टँड. चिखलात साइड स्टँड रुततो आणि सायकल आडवी होते, त्यापेक्षा दोन पायांचा घोडा बसवून घे. जाता-येता चढ जड जात असेल तर मागचं फ्रीव्हील बदल. साधारण पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतात, म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाकाचे जवळजवळ अडीच फेरे. मागे २२ चं टाकलंस की बरोबर दोन होतात, वेग थोडा जाईल पण पाय भरून येणार नाहीत, चेनच्या एक-दोन कड्या फक्त वाढवाव्या लागतील. तुला तरी वेगाची घाई कुठेय.

माझ्या सायकलच्या फ्रेमला कॅरिअरसाठी भोकंच नाहीत. फ्रेम अॅल्युमिनिअमची आहे. ओळखीचा फॅब्रिकेशनवाला म्हणतो दोन कान वेल्डिंग करून देतो. करू का? – एक वाचक, कोल्हापूर

नका करू. अॅल्युमिनिअमच्या फ्रेमला कारखान्यात ठरावीक तापमानाला तापवून ताकद आणलेली असते, वेल्डिंगच्या आचेने त्या जागेची ती ताकद जाते, वरून काही दिसत नाही आणि एक दिवस चालू रस्त्यावर तिथेच तडा जातो. लोहचुंबक लावून आधी खात्री करून घ्या, चिकटला तर स्टील, नाही चिकटला तर वेल्डिंगचा विषयच बंद. नळीवर आवळायच्या पत्र्याच्या क्लिपा मिळतात, आत रबर असलेल्या घ्या आणि त्यावर कॅरिअरचे पाय बसवा. नुसत्या सीटच्या नळीवर आवळायचं लोंबतं कॅरिअरही मिळतं, पण त्यावर जेवढे किलो छापलेत त्याच्या वर जाऊ नका.

मी घरोघरी जाऊन तबला शिकवतो. तबला-डग्गा कॅरिअरवर एकावर एक बांधून नेतो, वळणावर सायकल ओढली जाते आणि दोनदा पडता पडता वाचलो. काही सुचवा. – एक तबलावादक, सांगली

सर, तुमच्या गावातल्या दूधवाल्याची सायकल एकदा थांबवून बघा. त्याच्या किटल्या कधी कॅरिअरच्या वर नसतात, कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या आसाजवळ लोंबत असतात. ओझं खाली आणि दोन्हीकडे सारखं, एवढंच त्यातलं शास्त्र. तुमचं ओझं बॅगांसकट सात-आठ किलोच्या आसपास असेल, एवढं कॅरिअरला काहीच नाही, पण ते वर ठेवलंय म्हणून सायकल झुकली की तेही झुकतं आणि ओढतं.

तर कॅरिअर असं घ्या ज्याचे पाय थेट मागच्या आसापर्यंत येतात. त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी पट्टीची कडी करून घ्या, पट्टीला जुन्या ट्यूबचं आवरण, आणि जाड कॅनव्हासच्या दोन पिशव्या शिवून घ्या, ताडपत्री शिवणारा मस्त शिवून देतो. एकीत तबला, दुसरीत डग्गा, हातोडी आणि पावडरचा डबा जिकडे हलकं वाटेल तिकडे. तळाला गादीतल्या फोमचा चार बोटं जाड तुकडा आणि त्यावर तुमची नेहमीची चुंबळ. एक गोष्ट मात्र तपासा, पायडल मागे गेल्यावर टाच पिशवीला लागता कामा नये, लागली तर पिशव्या वीतभर मागे सरकवा.

पिशवीचं झाकण पांढऱ्या कापडाचं करा, काळं करू नका. उन्हात पुडी तापून ताणली जाते आणि सूर चढतो हे मी तुम्हाला काय सांगावं, पण काळ्या पिशवीत ते फार लवकर होतं. पावसाळ्यासाठी वर टाकायचं वेगळं प्लॅस्टिक तिथेच घडी करून ठेवा. आणि सांगली सपाट आहे, तुम्हाला गिअरबिअर काही नको. त्या पैशात मागच्या चाकाची आऊट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, काढून सगळ्या तारा सारख्या ताणून घ्या, ओझ्याच्या सायकलला ते आधी लागतं.

आजोबांची २८ इंची काळी सायकल माळ्यावरून काढलीय. सळईचे ब्रेक, लोखंडी चेनकव्हर, सगळं जागेवर. मला तिला जाड टायर, डिस्क ब्रेक, सरळ हँडल लावायचंय आणि फ्लुरोसंट हिरवा रंग द्यायचाय. खर्च किती येईल? – कॉलेजमधला एक वाचक, नाशिक

अरे, थांब जरा. हे पत्र वाचून मी दुसऱ्यांदा चहा ठेवला.

आधी जे होणारच नाही ते सांगते. डिस्क ब्रेकला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, वेगळा लागतो आणि चिमट्यावर, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन पायांवर, त्याचा मशीनचा भाग बसवायला जागा लागते, तुझ्या सायकलला दोन्ही नाही. जाड टायर चिमट्यातून आणि मडगार्डखालून जाणारच नाही. सरळ हँडल लावलंस तर सळईचे ब्रेक काढावे लागतील, आणि साधे क्लिपचे ब्रेक त्या रिमला नीट पकडत नाहीत, कारण ते रबर रिमच्या बाजूला दाबतात आणि तुझी रिम बाजूने गोल आहे, तिचे ब्रेक आतून वर ओढले जातात. म्हणजे मग रिमा बदला, पुढे ३२ आणि मागे ४० तारांचे हब आहेत म्हणून हब बदला, करत करत आजोबांच्या सायकलचं आजोबांचं असं काही उरणारच नाही. तेवढ्या पैशात नवीन सायकल येते, ती घे आणि तिला हवा तो रंग दे, मी स्वतः रंग निवडायला मदत करीन.

हिला मात्र हिच्या पद्धतीने नटव. छर्रे, ग्रीस, पायडलच्या कॉटर पिना आणि ब्रेकची रबरं आधी नवीन, ते झाल्याशिवाय रंगाचं नाव काढायचं नाही. मग हँडल आणि रिमांचा गंज. अॅल्युमिनिअम फॉइलचा बोळा पाण्यात बुडवून घास, वरवरचा गंज काळ्या पाण्यासारखा निघून येतो आणि खालून क्रोम चमकतं, पहिल्यांदा करशील तेव्हा थांबावंसंच वाटत नाही. डायनॅमो असेल तर फेकू नकोस, ठेव.

रंग काळाच ठेव किंवा अगदी गडद हिरवा, पुढची कंपनीची पट्टी काढून बाजूला ठेवून मगच रंग लाव, आणि त्यावर हाताने लायनिंग करून घे. हे काम करणारे म्हातारे पेंटर आता कमी राहिलेत पण शोध. आमच्या दुकानात एक काका यायचे, त्यांच्या ब्रशला केस बोटभर लांब आणि अगदी मोजके, रंग पुस्तकाच्या गुळगुळीत कव्हरवर घोळवून घ्यायचे, करंगळी नळीवर टेकवायचे आणि श्वास रोखून हँडलपासून सीटपर्यंत एका ओढीत सोनेरी रेघ यायची, टेप नाही, पट्टी नाही. रेघ संपताना ब्रश किंचित फिरवून उचलायचे, म्हणून टोक सुईसारखं व्हायचं. ती रेघ स्टिकरला येत नाही. मागच्या मडगार्डवर खाली पांढरा पट्टा ओढ, तो रात्री मागच्या गाडीवाल्यालाही दिसेल, आणि त्याच्या वर आजोबांचं नाव घाल, तुझा फ्लुरोसंट हिरवा तिथे अक्षरांना वापर, गडद रंगावर फार सुरेख दिसेल.

मी ५८ वर्षांची, रत्नागिरीजवळ राहते. बागेचा नाद आहे, नर्सरीतून रोपं आणायला लेडीज सायकल घेतली. समोरच्या बास्केटमध्ये रोपं ठेवली की हँडल डगमगतं, आणि वर्षभरातच तारा गंजल्या. – एक वाचक

काकू, तुमचं पत्र वाचून छान वाटलं. बास्केट हँडलला अडकवलेली आहे, म्हणून हँडल वळलं की मातीसकट रोपंही वळतात. दोन-तीन किलोच्या वर त्यात ठेवू नका, उंच आणि हलकी रोपंच ठेवा म्हणजे फांद्या समोर दिसतात. मातीच्या पिशव्या मागे. फळवाल्याकडे प्लॅस्टिकचा क्रेट मिळतो तो कॅरिअरला चार ठिकाणी वायसर घालून नटबोल्टने बसवा, तळाला भोकं असतातच, पाणी निघून जातं. सीट अशी ठेवा की बसल्या बसल्या दोन्ही पायांचे चवडे टेकतील, ओझं असताना तोच आधार.

खाऱ्या हवेला उपाय म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तारा, पुढच्या वेळी चाक बांधताना सांगून त्याच घाला. तोवर आठवड्याला एकदा साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून, तेलाचं फडकं तारांवरून फिरवा, पण रिमला तेल लागू देऊ नका, ब्रेक लागणार नाहीत. तुमच्याकडे चढ आहेत, वर पुण्याच्या मुलाला सांगितलेलं २२ दात्यांचं फ्रीव्हील तुम्हालाही लागू.

मी सहावीत आहे. मला सायकलच्या तारांमध्ये रंगीत मणी घालायचेत. बाबा म्हणतात तारा तुटतील. आणि दसऱ्याला झेंडूचा हार कुठे घालायचा? – सोलापूर

बाबांना सांग, मण्यांनी तारा तुटत नाहीत. चिरलेले प्लॅस्टिकचे मणी मिळतात ते तारेवर दाबून बसतात, चाक फिरलं की खाली-वर घसरत मस्त खुळखुळ आवाज येतो. पुढच्या आणि मागच्या चाकात सगळीकडे सारखे घाल, आणि चाकातला रिफ्लेक्टर काढू नकोस. हँडलच्या टोकाला रिबिनी लावायच्या तर तुझ्या हाताच्या पंजाएवढ्याच लांब, मागच्या चाकाला आणि चेनजवळ काहीच लोंबतं नको.

हार हँडलवर घाल, सायकल आदल्या दिवशी धू, चेनला तेल दे, हळदकुंकू मडगार्डवर लाव. पूजा झाली की चक्कर मारायला निघण्याआधी हार काढून घरात ठेव, तो दोरा पुढच्या चाकात गेला तर चाक एकदम अडतं आणि तू हँडलवरून पुढे पडशील. एक फूल घंटीजवळ खोचलंस तर चालेल.